कासेरोस १८५२ : मेजावरील रणभूमीची प्रगती

अर्जेंटिनातील कासेरोसची लढाई छोट्या प्रतिमांनी मेजावर खेळता यावी, यासाठी मी एक मांडणी करत आहे. तिच्यातील भूमी आणि इमारती जवळजवळ पूर्ण झाल्या असून रोसासचे सैन्य रंगवून तयार आहे. उर्किसाच्या बाजूची ब्राझिली तुकडी मात्र अद्याप प्रायमरच्या करड्या थरातच उभी आहे. ३ फेब्रुवारी १८५२ रोजी ब्युनोस आयर्सच्या पश्चिमेस झालेल्या या लढाईत एन्त्रे रिओस प्रांताचा गव्हर्नर हुस्तो होसे दे उर्किसा याने कोर्रिएंतेस प्रांत, ब्राझिलचे साम्राज्य आणि माँटेव्हिडिओचे सरकार यांना सोबत घेऊन ब्युनोस आयर्सचा गव्हर्नर हुआन मानुएल दे रोसास याची १८३५ पासून अखंड चाललेली राजवट एका दिवसात संपवली. दोन्ही बाजूंना वीस हजारांहून अधिक माणसे असल्यामुळे मी १५ मिमीच्या प्रतिमा घेतल्या आणि एका तळाला, म्हणजे प्रतिमा चिकटवलेल्या एका पट्टीला, सुमारे ५०० सैनिक असे प्रमाण धरले. याहून मोठ्या प्रतिमा घेतल्या असत्या, तर जेवणाचे मेज कायमचे गमवावे लागले असते.

या प्रकल्पातील खरा पेच लाल रंगाचा आहे. रोसासच्या फेडरल, म्हणजे प्रांतांच्या स्वायत्ततेच्या बाजूच्या, पक्षाचा रंग लाल होता, आणि त्याच्या सैन्याच्या टोप्या, पोंचो व डगले यांत तोच रंग सर्वत्र दिसतो. पण उर्किसाही फेडरल पक्षाचाच असल्यामुळे त्याचे एन्त्रे रिओसचे घोडेस्वारही लालच होते, आणि विजयानंतरही लाल फीत लावण्याचा त्याचा आग्रह ब्युनोस आयर्समधील अनेकांना खटकला. म्हणून दोन्ही सैन्यांना लाल रंग ठेवून मी तळांच्या कडा वेगळ्या रंगवल्या : रोसासच्या काळ्या, तर उर्किसाच्या मातकट पिवळ्या. एवढ्या लहान प्रतिमेवर लाल रंग सरळ लावला, तर तो प्लॅस्टिकसारखा दिसतो. आधी गडद तपकिरी, त्यावर घड्यांच्या खाचा सोडून लाल, आणि खांद्यावर व टोपीच्या टोकाला नारिंगी मिसळलेला लाल असा क्रम ठेवल्यास कापड उन्हात विटल्याचा भास होतो. उठाव देण्यासाठी पांढरा मिसळू नये, कारण त्याने सारी पलटण गुलाबी होते. गाउचो, म्हणजे तिकडच्या गुराखी, स्वारांचे चिरिपा, म्हणजे पायांमधून मागे ओढून कमरेला बांधलेले वस्त्र, काचा मारलेल्या धोतरासारखे असल्यामुळे त्याच्या घड्या रंगवताना आपल्या हाताला फारसे नवखेपण जाणवत नाही.

इमारतींपैकी पालोमार हा गोल कबुतरखाना माझ्या विशेष आवडीचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विटांनी बांधलेली ही वास्तू आजही अर्जेंटिनाच्या लष्करी महाविद्यालयाच्या आवारात उभी असल्यामुळे तिची छायाचित्रे भरपूर मिळतात. पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून मी भिंत केली, तिच्यावर फेविकॉलमध्ये कालवलेली बारीक चाळलेली वाळू लावली, आणि चुन्याचा थर काही ठिकाणी पोपडे धरल्यासारखा रंगवून खालची वीट दिसू दिली. कासेरोसचा वाडा साधा आहे : पुठ्ठा, सपाट गच्ची आणि तीवर बंदूकधारी. गवतासाठी काथ्या कापून वापरला. फेब्रुवारी हा तिकडचा कडक उन्हाळा असल्यामुळे हिरवा रंग मी जवळजवळ वर्ज्यच केला असून केवळ मोरोन ओढ्याच्या काठाला त्याची थोडी छटा दिली आहे.

आता नियमांविषयी. संख्या पाहिल्यास ही लढाई बरोबरीची वाटते आणि तसे समजून खेळल्यास ती कंटाळवाणी होते, कारण रोसासचे सैन्य मैदानात येण्यापूर्वीच आतून खचले होते. त्याचा अनुभवी सेनापती आन्हेल पाचेको ऐन वेळी बाजूला झाला होता, आणि ३१ जानेवारीला काम्पोस दे आल्वारेस येथे त्याच्या घोडदळाने मार खाल्ला होता. प्रत्यक्ष लढाईत उर्किसाने सेनापतीची जागा सोडून स्वतः घोडदळासह रोसासच्या डाव्या बगलेवर धडक मारली आणि ती बगल लवकरच उधळली. म्हणून डाव्या बगलेच्या घोडदळाला मी अत्यंत कमी मनोधैर्य दिले आहे. पण उर्किसाचा खेळाडू त्याची प्रतिमा स्वारीत पुढे नेईल, तर त्या फेरीत बाकीच्या सैन्याला त्याचे हुकूम मिळणार नाहीत. उर्किसाच्या बाजूच्या लामाद्रिद या सेनानीच्या घोडदळासाठी फासा टाकावा लागतो. तो वाईट पडल्यास ही तुकडी, प्रत्यक्षात झाली तशी, फार लांबचा वळसा घेऊन लढाईबाहेर भरकटते.

खेळाचे खरे मोल मध्यावर आहे. तेथे मार्तिनियानो चिलावेर्त याच्या तोफा आणि पेद्रो होसे दियास याचे पायदळ बाकी सारे मोडल्यावरही टिकून राहिले. चिलावेर्त हा मूळचा रोसासविरोधी युनिटेरियन, म्हणजे केंद्रीय सत्तेचा पुरस्कर्ता. इंग्रज आणि फ्रेंच आरमारांनी अर्जेंटिनावर दडपण आणल्यावर तो परक्यांविरुद्ध रोसासकडे आला होता, आणि त्या दिवशी त्याच्यासमोर ब्राझिली फौज होती. दारूगोळा संपेपर्यंत तो लढला, पकडला गेला आणि उर्किसाच्या हुकुमावरून मारला गेला. त्यामुळे त्याच्या तोफखान्याचे मनोधैर्य मी सर्वांत वरचे ठेवले असून तोफगोळ्यांची मोजणी मात्र काटेकोर केली आहे : गोळे संपले की तळ उचलायचा.

अशीच एक वेगळी तुकडी आकिनोच्या माणसांची आहे. माँटेव्हिडिओच्या वेढ्यातील हे जुने रोसासवादी शिपाई उर्किसाच्या सैन्यात सामील करून घेतले गेले होते. त्यांनी जानेवारीत आपला सेनानी पेद्रो आकिनो याला ठार करून रोसासची वाट धरली. लढाईनंतर त्यांपैकी जे हाती लागले, त्यांना ब्युनोस आयर्समधील पालेर्मो येथे देहान्त शासन झाले. या तळांना माझ्या नियमांत शरणागती नाही.

रोसास हाताला जखम घेऊन निसटला, राजीनामा लिहून ब्रिटिश प्रतिनिधीच्या घरी पोहोचला आणि पुढे इंग्लंडला गेला. म्हणून त्याची घोड्यावरची प्रतिमा मेजाच्या पूर्व कडेने बाहेर पडणे हाच खेळाचा शेवट धरला आहे. पुढील टप्प्यात ब्राझिली पायदळाचे गडद निळे डगले, आणि उर्किसाच्या छावणीत केपी ही फ्रेंच धाटणीची लष्करी टोपी व युरोपीय खोगीर मिरवणारा, तेथील बातमीपत्र लिहिणारा लेखक सार्मिएंतो. त्याची एकच प्रतिमा करायची आहे, तरी तिच्या खोगिरावर माझा सर्वांत बारीक ब्रश झिजणार, अशी चिन्हे आहेत.