आमची वाटचाल : बुडालेल्या मोटारींपासून भिजलेल्या मशीनपर्यंत

सांगलीत अण्णांनी दुकान सुरू केलं ते मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचं. गिऱ्हाईक म्हणजे कृष्णाकाठचे शेतकरी. पावसाळ्यात नदी अचानक चढली की काठावरची पंपाची मोटार उचलायची राहून जायची आणि पाणी उतरल्यावर ट्रॉलीतून आमच्या दारात यायची. बुडालेली प्रत्येक मोटार जळालेली नसते, हे अण्णा पहिल्यापासून सांगत आले. मोटार खोलायची, गाळ धुवायचा, पत्र्याच्या पेटीत २०० वॅटचे बल्ब लावून ती सुकवायची आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघायचं. वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, धड असेल तर वार्निश पाजून परत द्यायची. नव्या तांब्याचं बिल लावता आलं असतं, तिथं अण्णांनी नुसती सुकवणावळ घेतली. दुकान चाललं ते त्या विश्वासावर.

मी कामाला लागलो तोवर शहरात बांधकामं वाढली होती. ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर, फर्निचरवाल्यांची राउटर आणि जिगसॉ दुरुस्तीला यायला लागली. या मशीनच्या मोटारीचा स्वभाव वेगळा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. त्याच्या आर्मेचरची, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाची तार बारीक असते, शेजारी कॉम्युटेटर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, आणि त्यावर घासून करंट पोचवणारे कार्बन. पंपाच्या मोटारीसारखी ही बल्बच्या पेटीत तशीच ठेवली तर प्लॅस्टिकची बॉडी वाकते. म्हणून आम्ही आर्मेचर, फील्ड (त्याच्याभोवतीचं न फिरणारं वाइंडिंग), स्विच आणि गिअरचं डोकं सुटं करून सुकवण्याची पद्धत बसवली. आच साठ-सत्तर अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही आणि घाई तर अजिबात करायची नाही.

ही पद्धत खरी कसाला लागली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग, मारुती चौक, कापडपेठ, सगळं पाण्यात. आमचं दुकान मिरज रोडच्या बाजूला उंचावर, म्हणून वाचलं. पाणी ओसरल्यावर सुतार, प्लंबर, फॅब्रिकेशनवाले पोत्यात भरून मशीन आणायला लागले. घर चिखलात, दुकान चिखलात आणि ज्याच्यावर पोट तेच हत्यार बंद. त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

आमचा पहिला प्रश्न प्रत्येकाला एकच असायचा : चालू करून बघितलंय का? निम्म्यांचं उत्तर, “नुसतं बटण दाबून बघितलं वो, भुर्र झालं आणि बंद पडलं.” खरं नुकसान तिथं होतं. पाण्यात पडून राहिलेलं आर्मेचर बरेचदा वाचवता येतं. ओल्या आर्मेचरमध्ये करंट सोडला की कॉम्युटेटरच्या पट्ट्यांमधल्या गाळातून ठिणगी धावते, वाइंडिंग शॉर्ट होतं आणि मग ते भंगारातच जातं. आणखी एक धोका माणसाच्या जिवाचा. बहुतेक हातमशीनना अर्थिंगची तार नसते, दुहेरी इन्सुलेशनवर सगळा भरवसा असतो. आत ओल असेल तर तो भरवसा राहत नाही. म्हणून कितीही ओळखीचा मिस्त्री असो, आणि मशीन फिरत का असेना, ५०० व्होल्टच्या मेगरवर ७ मेगओमपेक्षा कमी दाखवत असेल तर आम्ही ते त्याच्या हातात देत नाही.

कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक. ओला असताना नळाच्या पाण्यानं निघतो, वाळला की बेअरिंगमध्ये आणि स्विचच्या पॉइंटवर घट्ट बसतो. गिअरमधलं ग्रीस पांढुरकं झालं म्हणजे पाणी त्यात मिसळलं. ते सगळं काढून डिझेलनं धुवून नवं भरावंच लागतं. बेअरिंग आम्ही जपत बसत नाही, थेट बदलतो. ते स्वस्त असतं आणि गंजलेलं बेअरिंग महिन्याभरात आर्मेचर खातं. स्विचचंही तेच.

दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं, याचा हिशेब आम्ही खोलल्यावर लगेच गिऱ्हाइकासमोर मांडतो. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही गेली असतील तर साध्या ग्राइंडरचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जातो. अशा वेळी आम्हीच सांगतो, “दादा, यात पैसे घालू नका.” मोठ्या ब्रेकर हॅमरचं गणित उलटं. तो इतका महाग की आर्मेचर बदलूनही परवडतो. त्या पुरात विम्यासाठीही लोक लेखी मागायला आले. प्रत्येक मशीनचा नंबर, काय बिघडलं आणि दुरुस्तीचा अंदाज आम्ही लेटरहेडवर लिहून दिला. दुरुस्त होणारं मशीन ‘पूर्ण निकामी’ असं मात्र कुणालाही लिहून दिलं नाही. काही जण रागावले. तरी आमच्या सहीला किंमत राहिली ती त्यामुळंच.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा फरक दिसला. बटण न दाबता, घरीच स्वच्छ पाण्यानं धुऊन आणलेली मशीन बरीच होती. एका फर्निचरवाल्या पोरानं तर कार्बन काढून वेगळ्या पिशवीत आणले होते. ती मशीन जास्त वाचली आणि बिलंही कमी झाली.

आता बॅटरीच्या मशीनचा काळ आहे आणि तिथं आमचा नियम कडक आहे. पुरात बुडालेली लिथियम बॅटरी आम्ही दुरुस्त करत नाही, चार्जरला लावूनही बघत नाही. आत गेलेलं पाणी सेलला हळूहळू खातं. वरून कोरडी दिसणारी बॅटरी नंतर पेट घेऊ शकते. अशा बॅटऱ्या दुकानाबाहेर वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो आणि ई-कचरावाल्याकडं देतो. ब्रशलेस, म्हणजे कार्बन नसलेल्या मशीनची मोटार टिकते, पण सर्किट बोर्डाचं काही सांगता येत नाही. बोर्डावर राळेचा जाड थर असेल तर आशा असते. बोर्ड दुरुस्तीचं काम माझा पुतण्या शिकतोय. तोवर बोर्ड गेला असेल तर नवा मागवतो आणि किंमत ऐकवून मगच हात लावतो.

दर पावसाळ्यात कृष्णा ३० फुटांच्या पुढं चढायला लागली की आम्ही नदीकडच्या गिऱ्हाइकांना फोन करतो : मशीन माळ्यावर ठेवा, बॅटऱ्या आधी हलवा. ज्यांच्याकडं वर जागा नाही त्यांची मशीन आमच्या वरच्या खोलीत नाव लिहून ठेवून घेतो. त्याचे पैसे घेत नाही.