उलटी प्रदक्षिणा

दुपारी माळ्यावरून चालायचे बूट काढले, तर तळव्यातून मातीचं एक ढेकूळ गॅलरीत पडलं. दोन वर्षांपूर्वीचं, लेस्टरशायरचं. तिकडचा चिखल भारी चिवट, एकदा बूट धरला की सोडत नाही.

लेक इंग्लंडात लेस्टरला असते. त्या शहराला मधे ठेवून सगळ्या परगण्यातून फिरून येणारी एक पायवाट आहे, लेस्टरशायर राउंड. शंभर मैल, म्हणजे आपले 160 किलोमीटर. पायवाटा राखणाऱ्या तिथल्या मंडळींची संस्था 1887 ची. तिच्या शताब्दीनिमित्त ही वाट आखली. आपल्याकडे शताब्दीला स्मरणिका निघते.

"आई, एक तुकडा चालू या," लेक म्हणाली. लोक म्हणे अशीच रविवार-रविवार करून फेरी पुरी करतात. फॉक्स्टनला कालव्याशी गाडी लावली. तिथे टेकडीच्या उतारावर पाण्याच्या दहा पायऱ्या आहेत. होडी एका हौदात शिरते, दार लागतं, पाणी चढतं, पुढचं दार उघडतं. असं करत ती 75 फूट वर जाते. कुणालाच घाई नव्हती. आम्हीही बघत बसलो.

मग नकाशा पाहिला आणि मी थबकले. आम्ही निघालो होतो हॅलटनकडे, म्हणजे लेस्टर डाव्या हाताला.

"अगं, ही उलटी प्रदक्षिणा!"

"मधे देव नाहीये, आई. शहर आहे."

शहरच, पण याच वाटेवरच्या बॉसवर्थला 1485 च्या लढाईत पडलेला राजा तिसरा रिचर्ड त्या शहरात गाडीतळाखाली सापडला, 2012 साली. आता कॅथीड्रलमध्ये आहे. मधे राजा असला तर उजवा हात नको का? लेक पुढे गेलेली होती.

आमची आजी सोमवती अमावास्येला पिंपळाला 108 फेऱ्या घालायची. मोजायचं काम माझं. वाटीत 108 शेंगदाणे. एक फेरी झाली की एक दाणा पारावर ठेवायचा. सात वर्षांची मुलगी, भाजलेले दाणे आणि वारा. पारावर किती गेले आणि पोटात किती, हे पिंपळालाच माहीत. "आज लवकर झाल्या गो," आजी म्हणायची. पण वाटी रिकामी झाल्यावरही ती आणखी काही फेऱ्या तशाच घालायची, न मोजता. मला वाटायचं, तिला आवडतं.

तर हॅलटनची वाट. वाटेत पिवळ्या टोपीचे खांब. एका खांबाशी उभं राहिलं की दुसरा दिसतो, आणि मधे कुणाचंतरी गव्हाचं शेत. त्या शेतातून सरळ भांग पाडल्यासारखी वाट. ही वहिवाट सरकारी नकाशावर नोंदलेली असते; शेतकऱ्याने पेरलं तरी एवढी पट्टी मोकळी ठेवायची. मी तरीही अंग चोरून चालत होते. आमच्या गावी हातभर बांधासाठी दोन पिढ्या तहसील कचेरीत झिजल्या, त्यामुळे दुसऱ्याच्या शेतातून ताठ मानेने जाणं मला जमत नाही.

कुंपणाला दार कसलं, तर अर्धगोल खोपचीत हलणारं. माणूस वळून सुटतो, गाय अडकते. नाव किसिंग गेट. लेकीने ते जरा चाचरतच सांगितलं. आमच्या गडग्याला बेडं असायचं. बांबू काढा, आत जा, परत घाला. न घातलात तर दुसऱ्याची गुरं आणि तुमची अब्रू.

परतताना ती म्हणाली, लंडनभोवतीही अशी वाट आहे, 240 किलोमीटरची, पण थेम्सच्या एका काठावर एरिथला सुरू होते आणि समोरच्या काठावर पर्फ्लीटला संपते. मधे चालत ओलांडायला काही नाही. म्हणजे शंकराची सोमसूत्री! पाणी ओलांडायचं नाही, मागे फिरायचं. ही वाट मला एकदम पटली.

ढेकूळ गॅलरीतच होतं. फोडून तुळशीत टाकावं का, असा विचार केला. मग वाटलं, कुठली माती, काय त्यात असेल, आणि केर भरला.

संध्याकाळी लेकीचा फोन. "उरलेले दीडशे किलोमीटर कधी?"

म्हटलं, लेस्टर उजव्या हाताला असेल तर येते.