मीठ मोजणाऱ्या शेजारणी

‘जपानी चाल’ नावाचं रील गेल्या काही महिन्यांत मला कोणी पाठवलं नाही ते विचारा. मामांनी पाठवलं, कॉलेजच्या ग्रुपवर आलं, सोसायटीच्या काकूंनी तर दोनदा. तीन मिनिटं झपझप चाला, तीन मिनिटं रमतगमत, अशी पाच आवर्तनं. खाली प्रश्न ठरलेला: “तू तिकडेच असतेस ना, खरं का गं हे?”

खरं आहे. आणि ते मी राहते त्या जपानमधल्या मात्सुमोतो शहरातूनच निघालं आहे. इथल्या शिन्शू विद्यापीठातल्या हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी साठीच्या आसपासच्या स्थानिक लोकांवर हा प्रयोग केला आणि २००७ साली त्याचा निबंध छापून आला. पाच महिन्यांत गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद १३ टक्के, वाकवणाऱ्यांची १७ टक्के वाढली, वरचा रक्तदाब उतरला. रोज आठ हजार पावलं एकाच मध्यम गतीने चालणाऱ्या गटात मात्र फारसा फरक पडला नाही. रीलमध्ये हे सगळं येतं. येत नाही ते एवढंच, की त्या मंडळींना “चाला” म्हणून सोडून दिलेलं नव्हतं. कमरेला नोंद ठेवणारं यंत्र होतं आणि दर दोन आठवड्यांनी ते घेऊन केंद्रावर जायचं होतं. चार लोकांत आपले आकडे दाखवायचे म्हटल्यावर पाय आपोआप उचलतात.

मला विचाराल तर इथली खरी गंमत चालण्यात नाहीच, मिठात आहे.

आमच्या नागानो प्रांताला समुद्र नाही. चहूकडे डोंगर, हिवाळा लांबलचक, म्हणून भाज्या खारवून ठेवायची जुनी रीत. नोझावाना नावाच्या पालेभाजीचं लोणचं चहाबरोबर, जेवणाबरोबर, पाहुणा आला की त्याच्यासमोर. वर दिवसातून दोन-तीनदा मिसोचं, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या खारट लगद्याचं सूप. थंडगार घरं आणि एवढं मीठ, याचा परिणाम व्हायचा तो झाला: १९६०च्या दशकात पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंत हा प्रांत देशात सगळ्यात वाईट स्थितीत असलेल्यांपैकी होता. तोच प्रांत २०१०च्या गणनेत आयुर्मानात देशात पहिला आला. पुरुष ८०.८८ वर्षं, स्त्रिया ८७.१८.

यात डॉक्टरांचा वाटा आहेच. याच प्रांतातल्या साकु गावच्या रुग्णालयात १९४५ साली आलेले डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी खेडोपाडी तपासणीला जायचे आणि भाषणाऐवजी नाटकं करायचे. शेतावर राबून आलेला माणूस भाषणात पेंगतो, नाटकात नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांना १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीनच वर्षांनी तो आपल्या जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना मिळाला, गावच्या बायकांनाच आरोग्यसेविका केल्याबद्दल. ही दोन गावं एकमेकांना किती ओळखत होती कोण जाणे, पण वाट एकच.

कारण इथेही खरी भिस्त बायकांवरच. १९४५ सालीच आताच्या सुझाका शहरातल्या एका गावात एकटीने धावपळ करणाऱ्या परिचारिकेला बायकांनी हात दिला आणि त्यातून ‘होकेन होदोइन’, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसोबतिणी, ही पद्धत उभी राहिली. पगार नाही. साधारण दोन वर्षांची पाळी, मग पुढच्या घरचं कोणीतरी. वर्ग भरतात, शिकायचं आणि वस्तीत येऊन सांगायचं. आपली पाळी संपली तरी शिकलेलं थोडंच विसरतं? दर दोन वर्षांनी एक नवं स्वयंपाकघर सुधारतं.

आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या बाई माझ्याकडे आल्या त्या हातात पेनासारखं यंत्र घेऊन. टोक सुपात बुडवलं की खारटपणा टक्क्यांत दाखवतं. माझं मिसो सूप १.१ निघालं. “०.८पर्यंत येऊ दे,” म्हणाल्या. मला वाटलं आता मिसो कमी करायला सांगणार. तर म्हणाल्या, कोबी घाल, कांदा, मुळा, मशरूम घाल, वाटीत पाणी मावताच कामा नये. चव तीच, प्यायचं पाणी निम्मं. लोणचं मोठ्या वाडग्यात मध्ये ठेवू नकोस, प्रत्येकाला छोट्या बशीत दे. नूडल्स खा, खालचं पाणी सोड. एकही पदार्थ बंद केला नाही बाईंनी. मग मीच आगाऊपणा करून कुकरशेजारची चिंचगुळाची आमटी पुढे केली. आकडा मी इथे लिहीत नाही. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

सगळं गोड आहे असं नाही. २०१६च्या राष्ट्रीय पाहणीत भाज्या खाण्यात नागानोचे स्त्री-पुरुष दोघंही देशात पहिले, पण मिठातही वरच्याच नंबरांत. २०२०च्या आयुर्मानात पुरुष दुसरे, स्त्रिया चौथ्या. शिवाय तरुण सुना नोकरीवर, दुपारच्या वर्गाला येणार कोण, ही कुरकुर मी दर बैठकीत ऐकते, आणि ती रास्त आहे. बिनपगारी काम वर्षानुवर्षं बायकांनीच का करायचं, हा प्रश्न तर कोणी मोठ्याने विचारतच नाही.

आपल्याकडे माणसं जमवायला कष्ट नाहीत. १९९५ साली हास्यक्लब मुंबईच्या बागेतूनच सुरू झाला, आणि ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत. सांगलीत बाबांच्या संघात दर महिन्याला रक्तदाब मोजतात. मोजून झालं की सगळे मिळून कांदाभजी खातात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ म्हणते. पापड, लोणचं, ठेचा आणि ताटात वाढलेलं वेगळं मीठ धरून आपण कुठे असू, याचा हिशेब त्या बैठकीत कधी निघाला नाही.

म्हणून गेल्या महिन्यात पुण्याला जाणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर तसलं यंत्र बाबांना पाठवलं. त्यांनी पहिल्या दिवशी घरची आमटी मोजून आकडा आईला मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी आईचा मला फोन: “यंत्र चांगलं आहे गं. यांना म्हटलं, माझी एकटीची कशाला, संघात न्या आणि अध्यक्षांच्या घरच्या आमटीपासून सुरुवात करा.” अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी म्हणे शनिवारची वेळ दिली आहे.