सोमवारची गोळी

सोलापूरच्या पूर्व भागात मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत विडी कामगार पुष्कळ. मांडीवर सूप घ्यायचं, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. रोजच्या हजारभर विड्या. त्यामुळे बोटं दुखली की घरात सगळे म्हणतात, कामानंच दुखतात.

अक्कांचंही तेच झालं. वर्षभर त्या दुकानातून दुखायची गोळी आणून खात होत्या. पण दोन्ही हातांचे तेच सांधे सुजलेले, आणि सकाळी तासभर मूठच वळत नाही, हे नुसतं कामाचं दुखणं नव्हे. मी त्यांना संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आमवात निघाला, गोळ्या सुरू झाल्या.

आठवड्याभरानं त्या आल्या तेव्हा मी बोटं बघितली, मूठ किती वळते ते मोजलं आणि विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना, अक्का?"

"रोज घेते की मॅडम. एक पण चुकवली नाही."

मी त्यांना शाब्बास म्हटलं. तो शब्द अजून मला झोपू देत नाही.

पुढच्या खेपेला गड्ड्याची यात्रा भरली होती, थंडी मी म्हणत होती. मी चहा पुढे केला. अक्का चहाला कधी नाही म्हणत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी कप बाजूला सारला. "नोट्ल मंट, मॅडम." तोंडात आग. दोन दिवस भाकरी गिळवत नव्हती. सून म्हणाली, "उष्णता झालीय. सब्जा भिजवून द्यालोय."

टॉर्च लावून बघितलं. जिभेच्या कडेला आणि गालाच्या आत पांढरट चट्टे, हिरड्यांतून रक्त. पोटरीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. मी त्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली.

दोन पाकिटं निघाली. दोन्हींतल्या गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारक्या. एक मेथोट्रेक्सेट, आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची. दुसरी फॉलिक ॲसिड, बाकीच्या दिवशी घ्यायची. औषध आणून बारा दिवस झाले होते. मेथोट्रेक्सेटची बारा घरं रिकामी, फॉलिकची दोन. अदलाबदल झाली होती. चिठ्ठीवर वार लिहिलेला होता, पण इंग्रजीत. दुकानात दोन्ही पाकिटांवर पेनानं नुसती एकेक रेघ मारून दिली होती. इंग्रजी वाचणारा नातू त्या वेळी शाळेत होता.

ही गोळी पेशींची वाढ रोखते. आठवड्याला एक घेतली तर सांध्यांची सूज आवरते. रोज घेतली तर जिथं नव्या पेशी सतत तयार होतात तिथं आधी घाव बसतो, म्हणजे तोंडाच्या आतली कातडी आणि हाडातला मगज, जिथं रक्त तयार होतं. माणूस दगावू शकतो.

डॉक्टरांना फोन केला आणि रिक्षातून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. पांढऱ्या पेशी 4,000 च्या वर हव्यात, त्या 1,600 होत्या. प्लेटलेट दीड लाखाच्या जागी 48,000. लगेच उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं सुरू झाली. नऊ दिवस त्या आत होत्या.

रक्त पूर्ण सावरल्यावर, मार्चअखेर, डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा लिहिली. अक्कांनी पाकीट हातात धरलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "हीच?" मी म्हटलं, "हीच. हिच्यामुळंच बोटं वाकडी व्हायची थांबतील. फक्त वार चुकायचा नाही." त्यांनीच वार पक्का केला. सोमवार, सिद्धरामेश्वराचा. मी दर सोमवारच्या गोळीपुरतं पाकीट कापून वेगळ्या डबीत ठेवलं, झाकणावर पिंड काढली. फॉलिकच्या डबीवर काहीच नाही.

पाण्याच्या दिवशी घागर बोटांवर न पेलता दोन्ही हातांनी छातीशी धरायची आणि टॉवेल नळाला गुंडाळून पिळायचा, हेही आता त्यांना जमतं. कात्रीच्या कड्यांना त्यांनी जुन्या साडीची पट्टी गुंडाळलीय, हे मी शिकवलेलं नाही.

सोमवारी रात्री जेवणं झाली की सून मला पाकिटातल्या रिकाम्या घराचा फोटो पाठवते. फोटोच्या कडेला अक्कांचा अंगठा असतो. गेल्या दोन फोटोंत त्याच्या सांध्यावरची सुरकुती पुन्हा दिसायला लागलीय.