कापलेली स्प्रिंग आमची नव्हती

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मोटारसायकलींचं गॅरेज उभं राहिलं ते लेथवाल्या मामांच्या जिवावर. भांडवल माझं, हात त्यांचा. बुटक्या चालवणाऱ्यांना गाडी खाली घेऊन, म्हणजे तिची उंची कमी करून द्यायचं काम आम्ही धरलं, तेव्हा मागच्या लिंकच्या पट्ट्या, म्हणजे मागच्या शॉकअपला चाकाच्या आर्मशी जोडणाऱ्या पट्ट्या, मामांनीच लेथवर बनवल्या. दोन्ही पट्ट्यांच्या भोकांतलं अंतर व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीवर, जुळेपर्यंत ते सोडत नसत. एक जरा लांब झाली की बेअरिंग तिरकं दाबलं जातं.

नाव झालं ते राधानगरीकडच्या एका शाळेच्या बाईंमुळं. त्यांची रॉयल एनफिल्डची हिमालयन 411, सीटची उंची 800 मिमी, टाचा अधांतरी. आधी सीटचा फोम तासला. मग मागं पट्ट्या बदलल्या आणि त्याच हिशेबानं पुढचे शॉकअपचे पाइप टीमधून, म्हणजे हँडलखालच्या पकडीतून, वर सरकवले. नुसती मागची बाजू उतरवली की गाडी वळायला जड, पुढचं चाक हलकं. नुसती पुढची उतरवली की वेगात हँडल थरथरतं. साइड स्टँड कापून पुन्हा वेल्डिंग केला, नाहीतर गाडी ताठ उभी राहते आणि पलीकडं कलंडते. स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर दाबलं, टायर कुठं लागत नाही हे बघितलं, मगच किल्ली दिली.

मग शेजारी दुसरा गॅरेजवाला आला. ग्राइंडरनं स्प्रिंगचे वेटोळे कापायचा, निम्म्या पैशात. कापलेली स्प्रिंग कडक होते, खेळ कमी उरतो, टोक सपाट बसत नाही. त्याच्याकडची एक गाडी गगनबावड्याच्या घाटात खड्ड्यात आपटली, शॉकअप फुटला, आणि गावभर झालं की काम आमचं. तो पावसाळा आम्ही रिकाम्या रॅम्पकडं बघत काढला. मामांची मजुरी थकली, तरी माणूस रोज वेळेवर लेथ पुसायला हजर. शेजाऱ्यानं आजवर एका शब्दानं कबुली दिलेली नाही.

शेवटी त्या शाळेच्या बाईच आपली गाडी घेऊन आल्या. "सगळ्यांसमोर उघडा," म्हणाल्या. उघडली. कंपनीची स्प्रिंग, एक वेटोळा कमी नाही. तिथून गाड्या पुन्हा येऊ लागल्या, त्या अजून येतायत.

गाडी बुक करायच्या आधी रोजचे बूट घालून बसून बघा. दोन्ही तळवे टेकायलाच पाहिजेत असं नाही. एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा पुरतो. फोम तासून भागत असेल तर शॉकअपला हात लावू देऊ नका. खाली घेतलेली गाडी स्पीडब्रेकरवर सावकाश घ्या, पोट घासतं. आणि काम कुणाकडूनही करा, चेनचा ताण आणि हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.