गजऱ्याचा दोरा

सांगलीत प्राण्यांचा दवाखाना चालवायचा म्हणजे हळदीबद्दल जरा जपूनच बोलावे लागते. ज्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्याच गावात ‘जखमेवर हळद भरू नका’ हे वाक्य लोकांना अपमानासारखे लागते. त्यामुळे गेल्या श्रावणात गावभागातल्या एक आजी, पुढचा एक पाय कोपरापर्यंत पिवळा झालेली पांढरी मांजर भाजीच्या पिशवीत घालून आल्या, तेव्हा मला नवल वाटले नाही.

“पत्र्यानं कापलं, डॉक्टरबाई. चार दिस झालं. कापलंय एवढंसंच, पण सूज काय उतरंना.”

बबी तीन पायांवर उभी होती. पंजाच्या गादीवरची चीर जेमतेम एक सेंटीमीटरची असून ती कोरडी पडत आली होती. हळदीचा टणक झालेला थर आणि खालची सूज पाहून मी जंतुसंसर्ग असे मनाशी ठरवले आणि अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहायलाही घेतली. बाहेर सहा जण ताटकळत होते, पण ती काही सबब होऊ शकत नाही.

पेन थांबले ते नखांमुळे. मांजर निवांत असताना तिची नखे आत ओढलेली असतात. बबीची मधली दोन नखे मात्र बाहेर येऊन एकमेकींपासून फाकली होती. पाय वर कुठे आवळला गेला की सूज बोटांत साचते आणि या दोन नखांमधले अंतर वाढते. शिवाय ही सूज मनगटाशी रेघ ओढल्यासारखी संपत होती आणि गाद्या दुसऱ्या पंजापेक्षा गार लागत होत्या.

“आजी, पट्टी बांधली होती?”

“बांधली की, जुन्या लुगड्याची. तिनं दुसऱ्याच दिवशी कुरतडून टाकली.”

“कशानं बांधली होती?”

आजी जरा थांबल्या. “गजऱ्याचा दोरा हुता.”

बबीला हलकी गुंगी देऊन मी सलाइनने हळदीचा थर भिजवला आणि मनगटाभोवती बोट फिरवले, तेव्हा केसांखाली एक बारीक खाच लागली. दोरा त्वचेत रुतला होता आणि केसांसारखाच हळदीने माखल्यामुळे डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते. टोकाने बोथट असलेली कात्री त्याच्याखाली सरकवायला दोन मिनिटे लागली. दोरा तुटल्यावर आम्ही दोघी त्या पंजाकडे नुसत्या बघत राहिलो. हळूहळू फिकट गाद्यांवर गुलाबी रंग चढला आणि बोट चिमटल्यावर बबीने गुंगीतही पाय ओढून घेतला. आणखी एकदोन दिवस गेले असते तर बोटे वाचली नसती.

निघताना आजींनी बटव्यातून पॅरासिटामॉलची पट्टी काढली आणि “रात्री कळ आली तर अर्धी दिऊ का?” असे विचारले, तेव्हा मात्र माझा आवाज चढला. ही गोळी पचवून निरुपद्रवी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी पडतात आणि अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकते. मांजराला चालणारे वेदनाशामक औषध मी थेंबांत मोजून दिले.

पुढची शुश्रूषा आजींनी चोख केली. वाळूचे कण जखमेत जाऊ नयेत म्हणून ट्रेमध्ये फाडलेले वर्तमानपत्र घातले, बबीला माडीवरच्या एका खोलीत कोंडून ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ सलाइनने पंजा धुऊन टिपून घेतला. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरवरून मात्र आमची रोज फोनवर हुज्जत व्हायची. मांजराच्या जिभेवर आकड्यांसारखे काटे असतात आणि चाटून ती नवी त्वचा खरवडून काढते, हे मी तीनदा समजावले. “पण तिला त्वांड धुता येत न्हाई हो,” हे आजींचे उत्तर शेवटपर्यंत बदलले नाही.

दहाव्या दिवशी खाच भरून आली होती. कॉलर काढताच बबीने टेबलावर बसकण मारून आधी तोच पंजा आणि मग तोंड सावकाश धुऊन घेतले. आजींनी तिला पिशवीत घातले आणि त्याच पिशवीच्या तळातून एक पुडी काढून माझ्यापुढे ठेवली.

“घरची हाय. जखमेला न्हाई, तुमच्या आमटीला.”