कॅरिकफर्गस: गेमची लेव्हल म्हणून पाहिलेला किल्ला

बेलफास्टहून लार्नकडे जाणारी रेल्वे खाडीच्या कडेकडेने धावते आणि साधारण अर्ध्या तासात कॅरिकफर्गसला उतरवते. स्टेशनातून समुद्राच्या दिशेने दहा मिनिटं चाललं की किल्ला समोर. डब्लिनहून येणाऱ्या भारतीयांनी व्हिसा आधी तपासावा. हा उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंग्डमचा भाग. आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल किंवा ब्रिटनचा वेगळा व्हिसा असेल तरच इकडे येता येतं. सरहद्दीवर नाका दिसत नाही म्हणून यातलं काहीच नसताना येऊ नये.

गेममध्ये आयर्लंड आलं की धुकं आणि ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) ठरलेले. ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’चा २०२१ मधला आयर्लंडचा जोडभाग नवव्या शतकात घडतो, आणि असे दगडी किल्ले इथे आले ते ११६९ नंतर, इंग्लंडच्या बाजूने चालून आलेल्या नॉर्मनांबरोबर. त्यामुळे किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन दगडी किल्ल्याची लेव्हल (गेममधला एक टप्पा) करायची तर मला कॅरिकफर्गससारखा नमुना दुसरा दिसत नाही. ११७७ नंतर जॉन द कूर्सी या नॉर्मन सरदाराने समुद्रात घुसलेल्या कातळाच्या टोकावर तो बांधायला घेतला. कातळ काळा, बसाल्टचा. सह्याद्रीत फिरलेल्याला अगदी ओळखीचा वाटतो.

किल्ला टोकाकडून जमिनीकडे वाढत गेला. आधी टोकावरचा बालेकिल्ला, मग मधला तट, शेवटी तेराव्या शतकात बाहेरचं आवार आणि जोडबुरुजांचा दरवाजा. म्हणजे खेळाडू जितका आत शिरेल तितका काळात मागे जातो. ही रचना आयती मिळते, ती मोडू नये.

मधल्या तटाचा आता जेमतेम पायाच उरला आहे. पर्यटक तो ओलांडून पुढे जातात, पण लेव्हलचा जीव तिथेच आहे. १२१० मध्ये इंग्लंडच्या किंग जॉनने किल्ला घेतला, त्यानंतर हा तट उभा राहिला, कारण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवरून शत्रू बाजूने चालत येऊ शकत होता. उधाणाला इथे पाणी सुमारे ३ मीटर चढतं-उतरतं. गेममध्ये पाण्याची पातळी घड्याळाला बांधा: ओहोटीला वाळूची वाट खुली, भरतीला फक्त दरवाजा. मात्र पाणी चढताना वाळूवर असलेल्या खेळाडूला परतीची एक तरी चढण ठेवा, नाहीतर तो नुसताच बुडतो आणि लेव्हलला शिव्या घालतो.

दरवाजाच्या बोळात वरून सोडायच्या लोखंडी जाळ्या आहेत, छताला दगड टाकायचं भोक आहे. दोन जाळ्यांच्या मध्ये शत्रूला कोंडायचं हे गणित. बोळ रुंद केला की ते बिघडतं, आणि बहुतेक गेमवाले नेमका बोळच रुंद करतात.

बालेकिल्ला सुमारे २७ मीटर उंच. त्याचा दरवाजा जमिनीवर नाही, वरच्या मजल्यावर आहे. विहीर मात्र आत. १३१५-१६ मध्ये स्कॉटलंडच्या राजाचा भाऊ एडवर्ड ब्रूस याच्या माणसांनी सुमारे वर्षभर वेढा घातला तेव्हा अन्न संपलं, आणि शिबंदीने आठ स्कॉटिश कैदी मारून खाल्ले असं सांगतात. वेढ्याची मोहीम करायची तर मोजायचं ते धान्य.

खरी डोकेदुखी गोल जिन्याची. अनरियल या गेम इंजिनच्या थर्ड पर्सन टेम्प्लेटमध्ये (पात्र मागून दिसतं असा तयार साचा) कॅमेरा पात्राच्या साधारण ४ मीटर मागे असतो. जिन्यात तो भिंतीला आपटून डोक्यात घुसतो. जिन्याच्या तोंडाशी ट्रिगर (पात्र आत शिरताच चालू होणारी अदृश्य जागा) ठेवून अंतर १ मीटरवर आणा आणि कॅमेरा खांद्यावर घ्या. पायऱ्यांना एकेक कोलिजन (पात्राला अडवणारा अदृश्य पृष्ठभाग) देऊ नका, एक अदृश्य उतार द्या. इथेही एक फसगत आहे. पायरी २० सेंटिमीटर उंच आणि मध्यावर २५ खोल असेल तर उतार ३९ अंशांचा. पण मधल्या खांबाजवळ खोली १० वर येते आणि उतार ६३ अंशांचा होतो. इंजिनची चालण्याची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास, म्हणून पात्र आतल्या कडेला घसरत राहतं. खांबाभोवती अदृश्य जाड नळकांडं बसवलं की पात्र बाहेरच्या बाजूने चढतं.

फोटोंवरून थ्रीडी मॉडेल करायचं तर ढगाळ दिवस उत्तम, पण पावसानंतर लगेच नको. ओला बसाल्ट चमकतो, ती चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि सॉफ्टवेअरला बिंदू जुळवता येत नाहीत. शेजारच्या दोन फोटोंत किमान ७० टक्के भाग सामाईक हवा, एक्स्पोजर लॉक, आणि चौकटीत १ मीटरची मोजपट्टी. ड्रोनची परवानगी आधीच काढा.

स्कॅन झाल्यावर मध्ययुगानंतरच्या बदलांवर खोडरबर चालवायचा. तोफा नंतरच्या. जंग्यांच्या (तटातून मारा करायच्या भोकांच्या) कडांना लाल वीट दिसली की समजा, ती सोळाव्या शतकात तोफांसाठी रुंद केलेली जागा. दरवाजाचे बुरूज आज मागून सपाट दिसतात. मूळचे ते पूर्ण गोल होते, सोळाव्या शतकात कापले गेले. मॉडेलमध्ये ते पुन्हा गोल करा आणि उंचीही वाढवा, कारण कापताना ती कमी झाली होती. तटाच्या पायथ्याचा कातळ ओहोटीलाच उघडा पडतो, तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच गाडी पकडा.